हे उपयोगी पडलं का?

माझी नणंद मी कधी पाहिली नाही. मी या घरात लग्न होऊन आले त्याच्या कितीतरी आधी, एका दुपारी, चपलेचा अंगठा शिवून आणते म्हणून ती बाहेर पडली आणि परत आलीच नाही. घरात तिला चिंगी म्हणायचे. ती का गेली याबद्दल ज्याला जे सुचलं ते तो सांगायचा, आणि हळूहळू कुणी विचारायचंही थांबलं. तिची खोली मात्र होती. त्याच खोलीत बसून मी काम करते.

सासूबाई त्या खोलीत येताना दारावर टकटक करतात. मला वाटायचं, सुनेच्या कामाचा मान ठेवतात. एकदा मी नवऱ्याजवळ तसं कौतुकानं बोलले, तर तो म्हणाला, "ते तुझ्यासाठी नाही गं. चिंगीला न विचारता आत आलेलं खपायचं नाही." तेव्हापासून टकटक झाली की "या" म्हणायच्या आधी मी क्षणभर थांबते. उगाच वाटतं, आपल्या आधी कुणीतरी म्हणेल.

आमचं काम घरातच चालतं. घरांचे आराखडे काढायचं एक मोठं सॉफ्टवेअर आहे, त्याला जोडायचं एक प्लगइन माझा नवरा लिहितो. ते जोडलं की ओटे, कपाटं, पलंग, खिडक्या नेमक्या मापात बसवता येतात. त्या प्लगइनची मदत मी लिहिते. पूर्वी आमची मदत म्हणजे एक भलं मोठं बाड होतं. लोक अडले की ते उघडायचे, घाबरून मिटायचे आणि फोन करायचे. मी नवऱ्याला म्हटलं, माणूस जिथं अडलाय तिथंच त्याच्याशी बोलू या. भिंतीवर राइट क्लिक केलं तर भिंतीचा मेनू यावा, खिडकीवर केलं तर खिडकीचा. मेनूच्या तळाशी ‘मदत’ असावी, आणि ती दाबली की फक्त त्याच वस्तूबद्दल चार ओळी दिसाव्यात. ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला छपराचं पुराण कशाला ऐकवायचं?

त्याला पटलं. पुढचे काही महिने तो मेनू जोडत होता आणि मी चार-चार ओळी लिहीत होते. प्रत्येक मदतीखाली मी एक प्रश्न घालायला लावला, ‘हे उपयोगी पडलं का?’ त्यापुढं हो, नाही, आणि लिहावंसं वाटलं तर एक छोटी चौकट. लिहिणाऱ्याचं नाव, गाव, पत्ता यातलं काहीही साठवायचं नाही, हा माझा हट्ट. नाव विचारलं की लोक गोड बोलतात, असा माझा अनुभव. त्यामुळं आमच्यापर्यंत एवढंच पोचायचं, की कुणीतरी, अमुक आराखड्यात, अमुक वस्तूवर बोट ठेवून, अमुक वेळी हे म्हटलं.

नव्या माणसाला हात साफ करायला सोबत एक तयार घर द्यायचं ठरलं. नवऱ्यानं आमच्याच घराची मापं घेतली. टेपचं दुसरं टोक सासूबाईंनी धरलं होतं. "आता जगभरचे लोक आपल्या घरात शिरणार म्हणायचे," त्या म्हणाल्या. "पाय पुसून या म्हणावं." आराखड्याचं नाव आम्ही ठेवलं ‘नमुना घर’.

नवी आवृत्ती बाहेर पडल्यावर एका सकाळी मी लोकांची उत्तरं वाचत होते. बहुतेक भिंतींच्या जाडीबद्दल होती. मधेच एक आलं. आराखडा नमुना घर. वस्तू खिडकी, लहान खोली. उपयोगी पडलं का? नाही. खाली लिहिलं होतं, ‘खिडकी या भिंतीत नाही. रस्त्याच्या बाजूला आहे.’

मला हसू आलं. मी त्या लहान खोलीतच बसले होते. खिडकी माझ्या समोर होती, मागच्या बाजूला उघडणारी, पलीकडच्या इमारतीचे पाइप दाखवणारी. रस्त्याच्या बाजूला सरळ भिंत होती आणि तिला टेकून कपाट. जेवताना मी नवऱ्याला सांगितलं, "काय एकेक दीडशहाणे असतात बघ. मला माझ्याच घराची खिडकी शिकवताहेत."

त्याचा घास हातातच राहिला. "काय लिहिलंय, शब्दाला शब्द सांग," तो म्हणाला.

मी सांगितलं. तो उष्ट्या हातानंच उठला, खोलीत गेला आणि कपाटाला खांदा लावून ते सरकवायला लागला. मी मदतीला गेले. कपाटामागं, रंगाच्या थरांखाली, भिंतीत एक चौकोन उमटला होता. प्लास्टर तिथं जरासं बसलं होतं, एवढंच.

"इथं होती," तो म्हणाला. "चिंगी गेल्यावर आई दिवसभर या खिडकीत उभी असायची. जेवण नाही, आंघोळ नाही, नुसती रस्त्याकडं बघत. बाबांना ते बघवेना. एक दिवस गवंड्याला बोलावून त्यांनी खिडकी बुजवली आणि मागं दुसरी पाडून घेतली. आई एक शब्द बोलली नाही. पण मग बाबांशी ती कामापुरतंच बोलायला लागली."

"मग शेजाऱ्यांपैकी कुणीतरी असेल," मी म्हटलं. "नाहीतर तो गवंडी."

"ज्याला बुजवलेली माहीत आहे तो ‘होती’ म्हणेल." त्यानं त्या चौकोनावर हात ठेवला. "हिनं ‘आहे’ लिहिलंय."

हिनं. तो ‘हिनं’ म्हणाला ते त्याच्याही लक्षात आलं नसावं. मी मात्र माझ्या खुर्चीकडं वळून पाहिलं. माझ्या पाठीमागं, माझ्या खुर्चीच्या आणि त्या कपाटाच्या मधे जी हातभर जागा आहे, तिथं कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. खोली बघून, चूक दाखवून ते निघून गेलं होतं, आणि मी हसत बसले होते.

संध्याकाळपर्यंत तो संगणकाशी झगडत होता. कुठून आलं, कोणत्या मशीनवरून आलं, काहीच नव्हतं. काही राहू नये अशीच आम्ही सोय केली होती. शेवटी तो माझ्याकडं वळला. "तुझा हट्ट," तो म्हणाला. "माणूस दारात येऊन उभं राहिलं, आणि आपण डोळ्यांवर पट्टी बांधून बसलो."

मी भांडायला तोंड उघडणार तेवढ्यात दारावर टकटक झाली. सासूबाई होत्या. सरकवलेलं कपाट आणि मागची भिंत त्यांनी पाहिली. नवरा काहीबाही सांगायला लागला तर त्यांनी त्याला हातानं थांबवलं आणि माझ्याकडं पाहिलं. "तू सांग. याला लहानपणापासून धड खोटं बोलता येत नाही."

मी सगळं सांगितलं. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. मग म्हणाल्या, "ते राइट क्लिक म्हणजे काय, मला दाखव."

मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. त्यांचा हात माउसवर ठेवला, वर माझा. पडद्यावरच्या लहान खोलीत, मागच्या खिडकीवर आम्ही दोघींनी मिळून क्लिक केलं. मेनू उघडला. मदत उघडली. तिच्याखाली माझा प्रश्न होता. त्यांनी तो ओठ हलवत वाचला. "म्हणजे ती इथपर्यंत आली होती," त्या म्हणाल्या.

"कोण आलं होतं ते नक्की नाही आई," नवरा म्हणाला.

"आधी तिची खिडकी तिला दे," त्या म्हणाल्या. "मग बोलू."

उलट बोलायचा रस्ता एकच होता. खिडकीची मदत फक्त खिडकीवर बोट ठेवणाऱ्याला दिसते. तिथं काही लिहिलं तर ते वाचायला तिला परत त्याच जागी यावं लागणार. नवऱ्यानं रात्रभर तळमळून एक मजकूर आणला. त्यात चिंगीचं नाव होतं, परत ये होतं, फोन नंबर होता, आणि कुणाचं काय चुकलं याचा पाढा होता. सासूबाईंनी तो ऐकून घेतला.

"मांजराला घरात बोलवायचं असेल तर त्याच्याकडं बघायचं नसतं," त्या म्हणाल्या. "तू तर टाळ्या वाजवायला निघालास."

म्हणून मी लिहिलं, ‘खिडकी दुरुस्त केली आहे. कळवल्याबद्दल आभार. या घरात आणखी काही चुकलं असेल तर अवश्य सांगा.’ आराखड्यातली खिडकी रस्त्याच्या बाजूला नेली आणि तेवढ्या एका बदलासाठी नवी आवृत्ती काढली.

दुसऱ्याचं घर दुरुस्त करायला सांगितलं की लोकांना हुरूप येतो. उत्तरांचा पाऊस पडला. कपाट दाराच्या आड येतंय. खोलीला हवा नाही. एकानं लिहिलं, ‘या घरात राहणाऱ्यांबद्दल सहानुभूती वाटते.’ रोज दुपारी सासूबाई येऊन बसायच्या, मी एकेक वाचून दाखवायची आणि त्या मान हलवायच्या. "ही नव्हे. हा कुणी पुरुष आहे. ही फार बोलते."

मला मात्र प्रत्येकात चिंगी दिसायला लागली होती. कुणी नीटस, छोटं वाक्य लिहिलं की वाटायचं, हीच. मेनू तपासायला मी नमुना घर उघडायची आणि लहान खोलीत शिरले की हात आपोआप हळू व्हायचा. आपण कुणाच्या तरी वाटेत उभ्या आहोत असं वाटायचं. कधी पडद्यावरून नजर काढून मी खऱ्या खोलीकडं बघायची, तर ती मला जरा चुकीची वाटायची. खिडकी भलत्याच भिंतीत असल्यासारखी.

मग स्वयंपाकघरातून एक आलं. वस्तू ओटा. ‘उंच आहे. आईचा हात पोचत नाही.’

मी वाचून दाखवलं आणि सासूबाई हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आमचा ओटा खरंच उंच आहे. सासऱ्यांनी तो स्वतःच्या अंदाजानं बांधून घेतला होता आणि ठेंगण्या सासूबाईंनी जन्मभर पायाखाली फळी घेऊन त्यावर स्वयंपाक केला. गुडघे गेले तशी फळी सुटली, ओटा माझ्याकडं आला.

"कार्टीच्या लक्षात आहे," त्या म्हणाल्या. हसता हसताच त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे तिला वाटतंय, मी अजून तिथं उभी आहे. तशीच."

नवरा दारात उभा होता. आता त्यानंही शंका काढली नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी सासूबाई आल्या त्या थेट पडद्याकडं बोट दाखवत. "बाहेरच्या खोलीत काय काय काढलंय?"

"दार, दोन खुर्च्या, बाबांचा पलंग," मी म्हटलं.

सासरे आधीपासूनच बाहेरच्या खोलीत, दाराजवळ झोपायचे. माझ्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ते गेले. पलंग तसाच आहे, त्यावर आता धुतलेल्या कपड्यांच्या घड्या असतात. मापं घेताना नवऱ्यानं पलंगही मोजला होता.

"ती बघत असेल, बाबांचा पलंग आहे," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे बाबा आहेत. त्यांना घाबरूनच ती नुसती खिडकी-ओटा करत असेल. तिला सांगायला हवं."

"कसं सांगणार?" नवरा म्हणाला. "सगळे अनोळखी लोक वाचतात ते."

"पलंग काढ."

त्यानं माउस हातात घेतला, पलंगावर नेला आणि तसाच बसून राहिला. सासूबाईंनी त्याला उठवलं. मी शिकवलं होतं तसं त्यांनी स्वतः राइट क्लिक केलं. मेनू आला. सरकवा, फिरवा, माप बदला, काढून टाका, मदत. त्यांनी ‘काढून टाका’ दाबलं. पडद्यावर प्रश्न आला, ‘ही वस्तू कायमची काढायची आहे?’

त्यांनी तो मोठ्यानं वाचला. "हे तू लिहिलंस?"

"हो, आई."

"बरोबर लिहिलंयस," त्या म्हणाल्या आणि ‘हो’ दाबलं. पलंग गेला. खाली फरशी दिसायला लागली.

ती आवृत्ती बाहेर पडली आणि आम्ही वाट बघत बसलो. काही दिवस काहीच नाही. मग एका दुपारी आलं. वस्तू फरशी, बाहेरची खोली. फरशीवर कुणी मदत मागत नाही. लाद्यांचं माप कसं बदलावं एवढीच ओळ आहे तिथं. चौकटीत एकच शब्द होता.

‘कधी?’

नवऱ्यानं तो वाचला आणि तो जिन्यात जाऊन उभा राहिला. आत आला तेव्हा तोंड धुऊन आला होता. मी फरशीची मदत उघडून बसले. महिना आणि साल लिहिलं. पुढं काय लिहावं कळेना. सासूबाई माझ्या खांद्यामागून म्हणाल्या, "लिही. झोपेत गेले. त्रास झाला नाही."

सासऱ्यांचं शेवटच्या महिन्यांतलं दुखणं मी पाहिलं होतं. श्वासासाठी ते कसे उठून बसायचे ते पाहिलं होतं. नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. सासूबाईंनी सांगितलं तसंच मी लिहिलं.

लोकांनी विचारलं, फरशीच्या मदतीत हे काय आहे? एकानं चिडून लिहिलं की असल्या चुका शोभत नाहीत. आणखी कुणी एकानं लिहिलं, ‘माझे वडीलही असेच गेले. वाचून बरं वाटलं.’ सासूबाईंनी मान हलवली. "ही नव्हे," त्या म्हणाल्या. "पण चांगलं माणूस आहे."

त्यानंतर शब्द यायचे थांबले. पण दुसरंच काहीतरी सुरू झालं. वस्तू मुख्य दार. उपयोगी पडलं का? हो. चौकट रिकामी. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. दाराच्या मदतीत काय असणार? दार आत उघडायचं की बाहेर ते इथं ठरवा, एवढंच. ते रोज रोज कुणाच्या काय उपयोगी पडणार? सासूबाई संध्याकाळी विचारायच्या, "आली होती का?" मी म्हणायची, "आली होती, आई." त्या बऱ्या दिसायला लागल्या. जेवायला लागल्या. दारापर्यंत येते आणि जाते, यातच त्यांना काहीतरी मिळालं होतं. मला मात्र खऱ्या दारापाशी जाववत नसे. बेल वाजली की मी नवऱ्याला पाठवायची.

मग एक दिवस मी दाताच्या डॉक्टरकडून लवकर परत आले. खोलीत माझ्या खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. समोर नमुना घर उघडं होतं. माउस दारावर होता आणि त्या हलक्या हातानं काहीतरी दाबत होत्या. मला पाहून त्या दचकल्या नाहीत. "बघत होते," एवढंच म्हणाल्या आणि उठल्या.

मी जागच्या जागी उभी राहिले. ते रोजचे ‘हो’ सगळे त्यांचेच होते का? की काही त्यांचे, काही तिचे? की दोघी एकाच दाराशी, एक आतून आणि एक बाहेरून? यंत्राला ते सांगता येत नव्हतं, आणि मी कुणाला विचारलं नाही.

त्याच आठवड्यात नवरा म्हणाला, "पुढच्या आवृत्तीत मी एक छोटीशी सोय घालतो. उत्तर कुठून येतंय ते कळेल. निदान गाव तरी."

आम्ही तिघं जेवत होतो. सासूबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "नको," त्या म्हणाल्या.

"अगं आई, पत्ता मिळेल."

"पत्ता मिळेल. आपण मागावर आहोत हे कळलं की ती मात्र यायची थांबेल." बोलत त्याच्याशी होत्या आणि बघत माझ्याकडं. "जे येतंय ते येऊ दे."

मी म्हटलं, "नकोच. लोकांना शब्द दिलाय आपण." नवरा आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिला आणि त्यानं तो विषय सोडला.

त्यानंतर सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काही दिवस त्यांना पडद्याकडं बघायची बंदी होती. एक डोळा झाकलेला, दुसऱ्यात औषध, पलंगावर पडून असायच्या आणि मी वेळेवर थेंब घालायची. नवरा आणि मी आळीपाळीनं त्यांच्यापाशी असायचो. पहिल्या दिवशी मी उत्तरांची यादी उघडली. दारावर काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. सासूबाईंनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला कळायचं ते कळलं होतं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी, थेंब घालून झाल्यावर, मी सवयीनं यादी उघडली. मुख्य दार. हो. चौकट रिकामी.

असेल कुणीही. शिकाऊ माणूस असेल, चुकून दाबलं असेल. मी बराच वेळ त्या ओळीकडं बघत बसले आणि मग सासूबाईंच्या खोलीत गेले. त्या डोळे मिटून पडल्या होत्या. माझं पाऊल ऐकून त्यांनी मान वळवली, पण काही विचारलं नाही.

"आई," मी म्हटलं, "आज आली होती."

त्यांनी चादरीवरून हात चाचपत माझं मनगट पकडलं, घट्ट.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

वेळ त्यांनी आजवर कधी विचारली नव्हती.